बाईकवरून पडलेले दात

माझे समोरचे वरचे दोन दात पोलंडमध्ये पडले. बर्फावर, भर मॅचमध्ये, लोकांसमोर पडले. अमरावतीत मात्र ते बाईकवरून पडले असंच सगळ्यांना माहीत आहे, कारण माझ्या बाबांनी तसं सांगून ठेवलंय. बाबा वकील आहेत. एकदा साक्ष ठरली की ती फिरवत नाहीत.

मी बर्फावरची हॉकी खेळतो. पोटासाठी खेळतो. हे मी आमच्या गल्लीत इतक्यांदा सांगितलं आणि इतक्यांदा "ते ठीक आहे, पण काम काय करतो?" हे ऐकलं, की आता डोकंच फिरतं. अरे, हेच काम! सकाळी उठून किटबॅग उचलतो, सराव करतो, बसनं दुसऱ्या गावी जातो, मार खातो, परत येतो आणि महिन्याला पगार घेतो. आणखी वेगळं काय असतं कामात? अकोल्याचे मामा तर दर उन्हाळ्यात विचारतात, "तिकडं बर्फ फुकट भेटते का बे?" आणि स्वतःच हसतात.

शिकलो ते अमरावतीतच, चाकांच्या स्केटवर, सिमेंटच्या कोर्टावर. एप्रिलमध्ये पडलो की सालटं निघायचं आणि वरून चटकाही बसायचा. पुढं लडाखच्या शिबिरात पहिल्यांदा खरा बर्फ पायाखाली आला आणि तिथल्या एका परदेशी कोचनं स्वीडनच्या एका लहानशा गावातल्या क्लबला माझं नाव सुचवलं. तेव्हापासून फिरतोय. मी मोठा खेळाडू नाही. टीव्हीवर दिसतात त्या लीगच्या खूप खाली आमच्यासारख्यांचं जग असतं. करार एका सीझनचा. मार्च संपला की मॅनेजरचा मेसेज येतो, "पुढच्या वाटचालीस शुभेच्छा." म्हणजे उचला बिऱ्हाड! स्वीडन, डेन्मार्क, पोलंड, रुमानिया, जिथं बचावाला माणूस कमी पडला तिथं मी. गोल करणं माझ्याकडे नाहीच. समोरून सुसाट येणारी कडक रबरी चकती, तिला पक म्हणतात, ती गोलकडे जायच्या आत अंगावर घ्यायची, हे माझं काम. त्याचे फोटो कोणी काढत नाही. पण मी ते चोख करतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

बाबांकडून मला एकच गोष्ट हवी होती. चार लोकांत एकदा म्हणावं, "माझा मुलगा हॉकी खेळतो." बस, एवढंच. ते म्हणायचे, "युरोपात कंपनीत आहे." कोणती कंपनी, असं कोणी विचारलं की, "प्रोजेक्ट असतात त्याचे." आजोबा फुलं विकायचे. बाबांनी स्वतः हार ओवता ओवता अभ्यास केला आणि घराण्यातले पहिले वकील झाले. त्यामुळे अंगानं करायचं काम म्हटलं की आपण पुन्हा मागं गेलो असं त्यांना वाटतं. समजतं मला. पण समजलं म्हणून राग काय कमी होतो?

यंदा मे महिन्यात अकोल्याला मुलगी पाहायला जायचं ठरलं. मुलगी शाळेत गणित शिकवते, वडिलांचं फुलांचं दुकान. बाबांनी आधी मला डेंटिस्टकडे नेलं आणि काढता-घालता येतील असे दोन नकली दात बसवून घेतले. "हा खेळाचा विषय बिलकुल काढायचा नाही तिथं," अशी गाडीत तंबीही दिली. मी गप्प बसलो, कारण आई मागच्या सीटवरून सारखी माझ्या खांद्यावर हात ठेवत होती.

अकोल्याचं ऊन काय सांगावं! कूलर समोर असूनही पाठ भिजत होती. बाबा पाहुण्यांपुढं पुण्याची मराठी बोलतात. त्यांचं "प्रोजेक्ट", "क्लायंट" सुरू झालं होतं. मुलगी समोर बसली होती, सरळ नजरेनं बघणारी. तिच्या वडिलांनी चकली-चिवड्याची ताटली पुढं केली. "घ्या ना, चकल्या घरच्याच आहेत." मी चावा घेतला. कटकन आवाज झाला आणि माझे दोन्ही दात चिवड्यात जाऊन पडले.

पहिले सावरले ते बाबाच. "बाईकवरून पडला होता मध्ये. हेल्मेट होतं तरीसुद्धा."

"युरोपात बाईक चालवता तुमी?" मुलीनं मलाच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दातांच्या फटीतून हवा जात होती. "माझ्याकडे बाईकच नाही. मी हॉकी खेळतो, बर्फावर. चकती लागली तोंडावर." आणि मग मी थांबलोच नाही. स्वीडनपासून सगळं सांगितलं, एका सीझनचे करारसुद्धा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "लय दुखलं असन ना?"

आमच्या घरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आईनं व्हिडिओ कॉलवर तोंड बघून पहिलं वाक्य म्हटलं होतं, "आता लग्नाचं कसं रे?"

"दुखलं," मी म्हणालो. "पण टाके घालून परत खेळलो."

तिचे वडील मांडीवर थाप मारून हसले. "अरे बाप्पा! आमचे आबा कुस्तीत कान फोडून घेऊन यायचे. अस्सं पाहिजे!"

मला वाटलं, आता तरी. दार सताड उघडं होतं, बाबांनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. बाबांनी घसा साफ केला. "तो छंद आहे त्याचा. यंदा सोडतोय. नांदगाव पेठेला कापडाच्या कंपनीत मी बोललोय, जूनपासून रुजू होईल."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो! "कोण रुजू होईल?"

"घरी बोलू."

"घरी काहून? इथंच बोला ना."

आई रडवेली झाली म्हणून मी उठून अंगणात गेलो. परतताना मूर्तिजापूरला बाबांची पुण्याची मराठी गळून पडली. "तुले काय समजते? खेळाडूले पोट्टी कोण देते?"

"ते तर खूश होऊन हसत होते, बाबा!"

"तेच सांगून राहिलो मी. लोक हसतात."

चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. "वकीलसाहेब, पोट्ट्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. पोरीले तर आवडला होता. पण तुमी सख्ख्या पोराच्या दाताबद्दल खोटं सांगता. उद्या आमच्या पोरीबद्दल लोकायले काय सांगसान?" आणि नमस्कार करून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी बाबा मामांना फोनवर सांगत होते, "खेळापायी मोडलं." खेळापायी! मी अक्षरशः ओरडलो. लय दुखलं असन म्हणणारी एक पोरगी आयुष्यात भेटली होती आणि ती गेली बाबांच्या बाईकपायी, जी बाईक जगात कुठंच नाही! बाबांनी मला हातानंच गप्प राहायची खूण केली आणि मामांशी बोलत राहिले.

हंगेरीतल्या एका क्लबला बचावाला माणूस हवा होता. ऑगस्टमध्ये निघालो. बाबा बडनेऱ्याच्या स्टेशनवर सोडायला आले. गाडी लागल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची पुडी काढली. आत ते दोन दात होते.

"हे राहिले होते घरी."

"राहिले नव्हते. ठेवले होते."

"घालून घे. तिकडचे लोक काय म्हणतील?"

"तिकडं अर्ध्या टीमचे पडलेत, बाबा."

तेवढ्यात त्यांच्या कोर्टातले एक वकील काका समोर आले. माझ्याकडे पाहून थबकले. "अरे, दाताले काय झालं पोराच्या?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी रुमाल मुठीत धरला.

"बाईकवरून पडला," ते म्हणाले.

गाडी हलली. मी दारात उभा राहून बोंबललो, "हॉकी खेळतो मी, काका! बर्फावरची! नोकरी आहे माझी ती!" सगळा फलाट माझ्याकडे बघत होता. बाबा तेवढे इंडिकेटर वाचत होते.