भुताच्या सिनेमात ताई नव्हती

ऐंशीच्या दशकातला, मुलुंडमधला एक रविवार. भरदुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही बायका वरच्या मजल्यावरच्या नेनेकाकूंकडे भुताचा सिनेमा बघत होतो... व्हिडिओ भाड्याने आणला होता.

माझं सिनेमात लक्षच लागेना. शेजारी ताई बसली होती, माझी सख्खी मोठी बहीण. भांडुपच्या एका बाबांच्या नादी लागून ती दोन वर्षं तिकडेच राहिली होती. घरी येऊन काही महिने झाले तरी पाणी पिण्याआधी आईला विचारायची... पिऊ का?

सोसायटीत आम्ही सांगितलं होतं की ती नागपूरला नोकरीला होती. खरं कळलं तर स्थळं यायची बंद होतील, या धास्तीने आई तिला कुणाशी फार बोलूही देत नसे. त्या दिवशी काकूंनी फारच आग्रह केला म्हणून तिला नेलं.

आणि सिनेमा नेमका बुवाबाजीचा निघाला. गुहा, मशाली, कवट्या... बाबाचे भक्त सगळे काळेकुट्ट, पिंजारलेल्या केसांचे, डोळे फिरवणारे. त्यांच्या तावडीत सापडलेली नायिका तेवढी गोरीपान, शिफॉनच्या साडीत. मी सारखी ताईकडे बघत होते. उठून टीव्ही बंद करावा, तर कारण काय सांगणार?

माझ्या ऑफिसातली मैत्रीण फिलोमिना त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आली होती. ती गोराईची, तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांपैकी. पडद्यावर लाल लुगडं नेसलेली, गळ्यात क्रूस घातलेली एक म्हातारी सुरा घेऊन आली, तशी फिलोमिना ताठ बसली.

"माझी मम्मी असंच लुगडं नेसते," ती म्हणाली. "दर संडेला चर्चला जाते. ती कुणाचा बळी देते, सांगा ना."

काकू हसल्या. "अगं, तुला कोण म्हणतंय? पण असल्या नादाला असलेच लोक लागतात ना. चांगल्या घरातलं कोण जाईल तिकडे?"

"मी गेले होते, काकू."

ताई बोलली होती. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली...

ताई पडद्याकडे बघतच बोलत राहिली. तिथे गुहा वगैरे नव्हती, साधा फ्लॅट होता. बाबा सफारी घालायचे, सगळ्यांना स्वतः चहा करून द्यायचे. बँकेतल्या बायका होत्या, एका शाळेच्या हेडबाई होत्या. कुणी किंचाळत नसे. रोज सगळ्यांसमोर सांगायचं, आज मनात कोणता वाईट विचार आला... आणि सगळे इतक्या मायेने ऐकायचे की न आलेला विचारही सांगावासा वाटायचा.

"दाराला कुलूप नव्हतं," ती म्हणाली. "तरी मला निघता आलं नाही. ते यात कुठेच नाही."

टीव्हीवर कुणीतरी किंकाळ्या फोडत होतं आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं... आता काकू काय म्हणतील, उद्या जिन्यात काय बोललं जाईल. फिलोमिना तेवढी सरकून ताईला खेटून बसली.

काकूंनी उठून व्हिडिओ बंद केला. मग ताईजवळ येऊन हळूच विचारलं, "मग सुटलीस कशी गं?"

"सुटतेय अजून," ताई म्हणाली.

मला तर वाटत होतं, ती घरी आली म्हणजे संपलं सगळं.

आज आमच्या घरातली मुलं सिनेमात कुणाला कसं दाखवलंय यावरून तावातावाने भांडतात. बाकीचे वैतागतात, मी नाही वैतागत. आम्ही ताईला जपायचं म्हणून गप्प बसवत होतो आणि ती आतल्या आत गुदमरत होती. आपल्या आईला कुणी तसं दाखवलेलं एका मुलीला सहन झालं नाही, म्हणून ताईचं तोंड उघडलं...

फिलू, त्या दुपारी तू चिडलीस, त्याबद्दल थँक यू.