रुवैसच्या गव्हर्नरची निवडणूक

गल्फमधलं रुवैस म्हटलं की लोकांना रिफायनरी आठवते. रफिक होडेकरांना मात्र ते स्वतःचं संस्थान वाटायचं. एका बांधकाम कंपनीचा तिथला लेबर कॅम्प, तीनशेच्या आसपास माणसं, दोन किचन, आणि या सगळ्यावर एक कॅम्प बॉस, म्हणजे रफिकभाई. कुणी कुठल्या खोलीत झोपायचं, कुणी कधी रांधायचं, आणि पठाण नि बंगाली एकाच शेगडीवरून भांडले तर बरोबर कोण, हे सगळं कॅम्प बॉसने ठरवायचं. पगार बेताचा, रुबाब अफाट.

भाई मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. बाविसाव्या वर्षी शहराजवळच्या मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये नटबोल्टचे पाने पुसायला आले आणि पाने पुसता पुसता स्टोअरकीपर झाले. पण माणसाच्या अंगात राज्य करायची हौस असली की ती स्टोअरमध्ये मावत नाही. गावच्या जमातीची गल्फमधली कमिटी होती, तिची मीटिंग डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत कुणाच्या तरी हॉलमध्ये भरायची. भाई तिचे रीतसर निवडून आलेले अध्यक्ष झाले. तीन वर्षं कारभार केला. मग गावच्या जेटीला आधी दिवे लावायचे की आधी कठडा, यावर कमिटी दुभंगली, भाई कठड्याच्या बाजूने ठाम राहिले, आणि पुढच्या निवडणुकीत दिवेवाल्यांनी त्यांना सपशेल पाडलं. जेटीवर आजही अंधार आहे आणि कठडाही नाही, तो भाग वेगळा.

पडल्यावर महिन्याभरात कंपनीने त्यांना उचलून रुवैसला धाडलं. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

त्यांची मुलगी अलिशा बारावीत. तिला शाळेने प्रोजेक्ट दिला होता, एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन गव्हर्नरचा. नाव इतकं लांबलचक की भाईंच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. पण गोष्ट ऐकून ते जेवणाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून बसले. हा गृहस्थ आधी आपल्या राज्यात निवडून आलेला गव्हर्नर. मग पडला. मग वॉशिंग्टनहून ऑर्डर निघाली आणि त्याला लांब कुठल्यातरी उजाड मुलखात टेरिटरीचा गव्हर्नर म्हणून पाठवलं.

"तिथल्या लोकांनी मतं दिली त्याला?" भाईंनी विचारलं.

"नो अब्बा. टेरिटरीमध्ये इलेक्शन नसतं. ही वॉज जस्ट अपॉइंटेड."

"म्हणजे हेड ऑफिसने पाठवला."

"सॉर्ट ऑफ."

"मग हा आपलाच माणूस आहे," भाई म्हणाले आणि भाताला हात घातला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट त्यांनीच कॅम्पभर सांगितली आणि तेव्हापासून सगळे त्यांना गव्हर्नर म्हणू लागले. कौतुकाने म्हणतात असं भाईंना वाटायचं. निम्मे म्हणतही असतील.

कारण भाईंचा कारभार म्हणजे नोटिसांचा कारभार. एकदा संगणकाला प्रिंटर जोडून मिळाला आणि माणूस सुटलाच. नोटीस नंबर एकोणीस, कॉटखाली सुकी मासळी ठेवू नये. नोटीस नंबर वीस, कॉटवरही ठेवू नये. नोटीस नंबर चौतीस, फोनवर बायकोशी भांडायचं असेल तर जिन्यात जाऊन भांडावं. एसी चोवीसच्या खाली न्यायचा नाही, आणि रिमोट सगळे भाईंच्या कपाटात. पण कुणाचा बाप गेला तर मुसफ्फाला फोन करकरून दोन तासांत तिकीट काढून देणारेही भाईच. एका नेपाळी पोराला ताप आला तेव्हा तीन दिवस शहनाझभाभीच्या हातची पेज डब्यातून नेणारेही तेच. लोकांना पेज आठवायची, आणि उकाड्यात रिमोटही आठवायचा.

शहनाझभाभी, म्हणजे भाईंची बायको, हाच या गोष्टीतला नाजूक भाग. कॅम्प बॉसला कंपनी सहा वर्षांपासून रुवैसमध्येच दोन खोल्यांचा फॅमिली क्वार्टर देते. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली एका छपराखाली काढलेली अवघी सहा, ती याच क्वार्टरमधली. बाकी पंधरा वर्षं भाभी गावाला आणि भाई फोनवर. अलिशा बोलायला शिकली तीही फोनवरच. बरीच वर्षं तिला अब्बा म्हणजे एक यंत्र वाटायचं, असं भाभी हसत सांगते आणि मग उठून आत जाते.

तर मागच्या नोव्हेंबरात मुसफ्फाच्या हेड ऑफिसमधून मैथिली मॅडमची मेल आली. मॅडम एचआरच्या, पुण्याच्या. मेलचा सारांश असा की कामगारांच्या आवाजाला महत्त्व द्यायचं असल्यामुळे यापुढे कॅम्प बॉस कामगारांच्या मतदानाने ठरेल. आताचा बॉस हरला तर तो मुसफ्फाला स्टोअरमध्ये जाईल, बॅचलर अकोमोडेशनवर.

भाईंनी मेल तीनदा वाचली. अलिशाने एकदा वाचली आणि म्हणाली, "अब्बा, टेरिटरीचं स्टेट झालं. तुम्हाला आता इलेक्शन लढावं लागणार."

"त्या तुझ्या माणसाचं काय झालं होतं मग?"

"प्रोजेक्ट इन्कम्प्लीट आहे," असं म्हणून तिने लॅपटॉप बंद केला. पोरगी शहाणी आहे.

भाभीने एवढंच विचारलं, "आणि आपण हरलो तर?" उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. क्वार्टर जाणार, ऐन बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर पोरीला घेऊन भाभी गावाला, आणि भाई परत फोनवर.

समोर उभा राहिला महादू गुरव, लांज्याचा, स्कॅफोल्डिंगचा फोरमन. म्हणजे रत्नागिरीचाच. हा महादू दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली चार "बघतो" अशी. पण बघतो म्हटलं की तो खरंच बघायचा. नळ गळला तर नोटीस न लावता नळ दुरुस्त करायचा. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा होता, रिमोट ज्याच्या त्याच्या खोलीत.

भाईंनी मात्र प्रचार असा केला की काही विचारू नका. मल्याळी मंडळींना त्यांनी शुक्रवारी नमाजनंतरची किचनची वेळ कबूल केली. मग बंगाल्यांनी मागितली, त्यांनाही दिली. पठाणांना नाही म्हणायची हिंमत कुणाची, तीही दिली. पुढच्या शुक्रवारी दोन वाजता तीन पातेली, एक अख्खा बोकड आणि साठ माणसं एका शेगडीसमोर उभी राहिली. भाई मध्ये उभे राहून "हबीबी, शांती से" म्हणत होते. शेवटी महादूने वर्कशॉपमधून दोन शेगड्या आणून जोडून दिल्या आणि निघून गेला. त्या बोकडाने भाईंची तीसेक मतं तरी खाल्ली.

मतदान रविवारी, मेस हॉलमध्ये. मॅडम स्वतः आल्या होत्या. तांदळाच्या डब्याला भोक पाडून पेटी केलेली, आणि कोपऱ्यात चादर बांधून पडदा. भाई आत गेले, चिठ्ठी उलगडली, पेन घेतलं आणि थांबले.

आता जमातीची रीत सांगायला हवी. भाईंच्या गावात मतदान हात वर करून होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि उभा राहिलेला माणूस स्वतःला मत देत नाही. तो हात वर करतो तो समोरच्यासाठी. स्वतःसाठी हात वर केला तर मरेपर्यंत गाव त्याला हावरट म्हणतं. भाई अध्यक्ष झाले तेव्हाही त्यांचा हात विरोधकासाठी वर होता, पडले तेव्हाही.

पण इथे पडदा होता. कोण बघणार होतं? भाई म्हणे दोन मिनिटं आत उभे राहिले. बाहेरून कुणीतरी घाई करत "यल्ला, गव्हर्नर" अशी हाक मारली. मग त्यांनी महादूच्या नावापुढे खूण केली, चिठ्ठी नीट चार घड्या करून डब्यात टाकली आणि छाती पुढे काढून बाहेर आले.

निकाल लागला. महादू एकशे सत्तेचाळीस, रफिक एकशे सेहेचाळीस.

भाई घरी आले तेव्हा भाभी दारातच होती. आकडे ऐकून ती खुर्चीवर बसली. मग नवऱ्याला एकवीस वर्षं ओळखणाऱ्या बाईने नेमका प्रश्न विचारला.

"तुम्ही कुणाला दिलंत?"

भाई चपला काढायला वाकले.

"अहो, मी विचारतेय, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"आपल्याकडे स्वतःला देत नाहीत, शहनाझ."

"अब्बा," अलिशा आतून म्हणाली, "दॅट इज मॅथेमॅटिकली द वर्स्ट थिंग आय हॅव एव्हर हर्ड."

भाभी मग जी सुरू झाली ती पंधरा वर्षांची साठवण होती. "कुठलं गाव बघत होतं तुम्हाला त्या चादरीआड? मी बघत होते का? मला विचारायचं होतंत! एक खूण, रफिक, एक खूण केली असती तर पोर इथे परीक्षेला बसली असती. तुम्ही रीत पाळलीत, आणि आता रोज रात्री फोनवर जेवलीस का विचाराल. मला तो फोन नको आहे." तिने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नुसत्या नावाने हाक मारली होती आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. भाईंनी मान खाली घातली. लाज वाटली ती हरल्याची नव्हती; रीत राखताना आपण या दोघींना विचारलं नाही, याची होती.

दार उघडंच होतं. दारात महादू उभा होता. कॅम्पच्या चाव्या घ्यायला आला होता आणि किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. भाईंनी झुबका काढला आणि एकेक चावी दाखवू लागले, ही स्टोअरची, ही गच्चीची, ही रिमोटच्या कपाटाची. महादू चाव्यांकडे बघतच नव्हता.

"भाई, मी मलाच दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"मत. आमच्या वाडीत पण देत नाहीत. पण पडदा होता ना. कोणी बघत नाही म्हटल्यावर हात गेला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुम्ही मला दिलंत नि मीपण मलाच. एका मताने आलो."

महादूची त्या दिवसाची दहा वाक्यं केव्हाच संपली होती, तरी तो बोलत राहिला. "मॅडमना विचारून आलोय. क्वार्टर कॅम्प बॉसच्या नावावर असतो. त्यात कोण राहतं ते कॅम्प बॉसने लिहून द्यायचं. मी माझ्या खोलीत बरा आहे, माझं इथे कोण आहे? वहिनी नि पोर इथेच राहू देत. तुम्ही शुक्रवारच्या बसने यायचं, सोमवारी पहाटेच्या बसने जायचं."

"छे, छे, महादू, हे बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील? मी तर म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका," भाभी म्हणाली. "या घरात तुमचं मत आजपासून धरणार नाही."

तिने पदराने डोळे पुसले आणि ताटं मांडायला घेतली, तीन नाही, चार. महादू बूट काढून आत आला. भाई आपल्याच घरात भिंतीला टेकून उभे होते, हात कुठे ठेवावे हे न कळून. चौदा वर्षं तीनशे माणसांना कुठे बसायचं नि कुठे झोपायचं ते सांगणारा माणूस, आणि त्याला आता कुणीच काही सांगत नव्हतं.

"बसा की, भाई," महादू हळूच म्हणाला.

आणि रफिकभाई बसले.