अर्धा कप उष्टा

जगात आपोआप काहीच बिघडत नाही, यावर आमच्या आतोबांइतका ठाम विश्वास असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वीजखात्यात लाइनमन. बिघाड सापडल्याशिवाय ते खांबावरून उतरत नसत, आणि ही खोड ते खांबावरच ठेवून घरी आले असते तर फार बरं झालं असतं. दूध नासलं की चौकशी, आमटी खारट झाली की चौकशी. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत वीज गेली, तर हे हातातल्या अक्षता टाकून माळ्यावर चढले आणि कुरतडलेली वायर आणून नवऱ्यामुलाला खारीच्या दातांच्या खुणा दाखवत बसले. "वायर आपल्या मनाने उघडी पडत नाही हो जावईबापू, कोणीतरी खातं तिला!" आमचे हे अजून त्यावरून मला चिडवतात.

अठ्ठ्याण्णव साली आत्याला एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं आणि महिन्याभरात तो डोळा बराही झाला. मग पायांना मुंग्या. चप्पल उंबऱ्याशीच गळून पडायची नि हिला पत्ता नसायचा. शेवटी मुंबईला नेलं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवर वायरसारखं आवरण असतं, ते आपल्याच शरीराची संरक्षक फौज कुरतडते, असं डॉक्टरांनी समजावलं. झालं! आतोबांचा लगेच प्रश्न, "पण त्या फौजेला फितवलं कोणी?" डॉक्टर म्हणाले, "नक्की ठाऊक नाही. पूर्वी कधी होऊन गेलेल्या एखाद्या विषाणूचा हात असावा असा संशय आहे, पण सिद्ध झालेलं नाही." आतोबांनी 'संशय' तेवढा ऐकला.

परत आल्यावर त्यांनी एक वहीच घातली. माझ्या वडिलांना, म्हणजे आत्याच्या भावाला, भर जेवणात विचारायचे, "हिला गोवर कितव्या वर्षी आला? कांजिण्या कोणाकडून आल्या?" देवरूखच्या मावशीला पत्रं गेली. गल्लीतली मांजरंसुद्धा संशयातून सुटली नाहीत. आई वैतागून म्हणाली, "माझ्या माहेरच्या विहिरीत तेवढे उतरू नका म्हणजे मिळवलं!" आम्ही हसायचो खरे, पण माणूस आतून कासावीस झाला होता, ते दिसत होतं.

आणि एक दिवस वही बंद झाली. त्याच दिवसापासून घरात चहाचे दोन कप दिसू लागले. लग्न झाल्यापासून या दोघांत कप एकच. अर्धा आतोबा पीत, उरलेला आत्या बशीत ओतून घेई. आता आतोबा आपला कप स्वतः विसळून वेगळ्या फळीवर ठेवू लागले. आत्या माझ्यापाशी ढसाढसा रडली. "किळस येते गो त्यांना माझ्या रोगाची."

माझं डोकंच फिरलं. तशीच पडवीत गेले आणि आतोबांना नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिची नाही गो, माझीच मला किळस येते," ते म्हणाले. "आपले गावातले डॉक्टर सांगत होते, एका विषाणूवर जास्त संशय आहे आणि तो उष्ट्यातून जातो. आम्ही मंडणगडला होतो तेव्हा मला ताप आलेला, मानेच्या गाठी सुजलेल्या. लग्न नवीन. हिने उशाशी बसून सगळं केलं, वर चहा माझाच उष्टा प्यायली. दीडेक महिन्याने हिलाही तोच ताप. सापडला बिघाड. मीच तो."

आत्या भिंतीला धरून दारात येऊन उभी होती.

"अहो, तो विषाणू घरोघरी सगळ्यांनाच भेटून जातो, हेही डॉक्टर म्हणाले असतील ना?"

"म्हणाले."

"मग अख्खी रत्नागिरी अशी भिंत धरून चालायला नको? अर्धंच ऐकायची खोड मेली जन्माची!" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि दिलाही असेल तुम्ही. आधी कळलं असतं, तर काय मी उशाशी बसले नसते? उद्यापासून आधी मी पिणार, नि माझं उष्टं तुम्ही. झाली ना फिटंफाट?"

आतोबा लहान मुलासारखे रडले. मीही.

पुढे आत्याचे हात उचलेनासे झाले. आतोबा कप तिच्या ओठांशी धरीत, ठसका लागू नये म्हणून घोट-घोट पाजत. अर्ध्या कपाला अर्धा तास. एकदा मी मुद्दामच छेडलं, "काय आतोबा, लागला का बिघाडाचा पत्ता?"

"नाही गो लागला," ते म्हणाले, आणि तिचा उरलेला चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालू लागले. चहा तर केव्हाच निवला होता.