विमानातून दिसलेलं अंगण

डिंडोलीच्या पुढे, तेलाच्या पाइपलाइनला लागून तिची झोपडी होती. खानदेशातली बाई, बोलताना हातातला खराटा जमिनीवर आपटायची, मला ‘भाऊ’ म्हणायची. अजून डोळ्यांपुढे येते. नव्वदच्या दशकात आम्ही गळलेल्या तेलाने नासलेली जमीन विमानातून फोटो घेऊन शोधायचो. जमीन काळपट दिसली की तिथली घरं हलवायची, असं ठरलेलं.

एकदा तिचंच अंगण काळं आलं. मी धावत गेलो, माती उकरली, हुंगली. तेल नव्हतं, नुसती ओल होती.

“विमान येणार म्हणून तुम्हीच सांगितलं ना, भाऊ? मग चांगला सडा टाकला. वरून पारोसं दिसायला नको! दिसनं ना मन्हं आंगन?”

“सगळ्यांत ठळक,” मी म्हणालो.

ती इतकी हरखली की पुढच्या फेरीला तिने अख्ख्या गल्लीला सडा टाकायला लावला. फोटोत गल्ली काळीभोर. तिला आधीच थांबवणं माझं काम होतं. पण तो चेहरा बघून जीभ रेटली नाही. ‘ओल’ असं लिहून मी सगळी घरं वाचवली. त्यांतल्या एखाद्या अंगणाखाली खरंच तेल होतं का, हे उकरून पाहायला मी गेलोच नाही.