ढेकर न देणारी गाय

गल्लीत सगळे त्याला ‘संशोधक’ म्हणत आणि त्याला तो मान वाटे. त्याच्या अकलेचं माप एवढ्यावरच कळावं. मधमाश्या पाळल्या, त्या उडून गेल्या. अळंबी लावली, ती कुजली. दोन्ही वेळा दोष अर्थातच बायकोचा. आता तिची एकुलती एक दुभती गाय त्याच्या तावडीत सापडली. हिच्याच दुधावर घर चालायचं.

“गाईच्या पोटात जंतू चारा आंबवतात,” तो बायकोला शिकवू लागला. “त्यातून मिथेन वायू होतो. ही बया ढेकर देते आणि हवा तापते. पिठाचं खाणं घातलं की वायू कमी! व्याख्यानात ऐकलंय मी.”

“पूर्ण ऐकलंत, की चहा आला तसे उठलात?”

“तुला नाही कळायचं.”

वैरण बंद झाली आणि बेकरीतले शिळे पाव घमेल्यानं सुरू झाले. दोन-चार दिवसांत गाईचे ढेकर थांबले. संशोधकानं अख्खी गल्ली गोठ्यात जमवली. “कान लावा! एक ढेकर ऐकू आला तर मिशी उतरवीन!”

बायको मात्र गाईच्या जबड्याकडे बघत होती. जबडा हलत नव्हता. शेण पाण्यासारखं पातळ, वर आंबूस वास.

“अहो, रवंथही बंद आहे हिचा. दूध आटलंय.”

“प्रगतीला थोडी किंमत मोजावी लागते.”

“ती गाय मोजतेय. तुमचं काय जातंय?”

ती तरातरा गेली आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊनच आली. त्यांनी गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली.

“पोट आंबट होऊन बंद पडलंय. जंतू मरतायत आतले. उद्यावर ढकललं असतंत तर गाय गेली असती. पिठाचं चालतं हो, पण थोडं, सवयीनं, वैरणीच्या जोडीला. हे नाही सांगितलं व्याख्यानात?”

“ते चहानंतर असेल,” बायको म्हणाली.

नळीनं खाण्याच्या सोड्याचं पाणी गाईच्या पोटात गेलं. वाळकी वैरण पुढ्यात पडली. बायको गाईच्या कुशीवर हात ठेवून बसली. संशोधक पालथ्या बादलीवर बसून डॉक्टरांना सोड्याचे गुणधर्म समजावत राहिला. ऊन कललं तेव्हा तिच्या तळव्याखाली काहीतरी घुसळल्यासारखं हललं. गाईनं मान वळवली, नेमकी त्याच्याकडे, आणि लांबलचक, आंबट, भरघोस ढेकर दिला. त्याच्या थेट तोंडावर.

शेजारीण पदरात तोंड घालून हसली. बायकोनं आधी गाईचं कपाळ कुरवाळलं, मग आत जाऊन वस्तरा आणि वाटीभर गरम पाणी आणलं.

“हलू नका हं. गल्ली बघतेय.”