रांगोळीवरून चालवणाऱ्या सुमतीताई

सुमतीताईंची नि माझी ओळख भांडणाने झाली. स्कूटरच्या अपघातात माझी गुडघ्याखालची नस चेपली होती. उजवं पाऊल उचललं जात नव्हतं, चप्पल फटाफट आपटायची. मी नोकरीला होते त्या कारखान्याच्या संघातून धावणारी मी, आणि मला एका मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "धावणं विसरा." विसरा काय विसरा! चिडून मी आमच्याच शहरातल्या ओरछा गेटच्या गल्लीत ताईंच्या व्यायामोपचाराच्या खोलीत गेले. त्यांनी माझी काठी दाराबाहेर ठेवली, फरशीवर रांगोळी भुरभुरवली आणि म्हणाल्या, "चल यावरून."

रांगोळीवर पाय देऊ नये, असं आईने शिकवलेलं. "आणि पडले तर?" मी तडकून विचारलं.

"तर उठशील. मी आहे ना!"

रांगोळीत माझ्या घासणाऱ्या पायाच्या बोटांचा लांबलचक ओरखडा उमटला. महिन्याभराने तो नाहीसा झाला, तेव्हा मी पेढे घेऊन गेले. ताईंनी पेढ्यांना हात लावला नाही. एक हात माझ्या कमरेवर, दुसरा नडगीवर ठेवून त्यांनी मला चालवलं. "अगं लबाडे, कंबर उचलून पाऊल काढतेस! नडगीचा स्नायू झोपलाय की."

टाच टेकल्यावर तो स्नायू पाऊल हळूच खाली उतरवतो. धावताना पाऊल जमिनीला लागायच्या आधीच पोटरी ताठ होते. हे त्यांनी माझीच बोटं माझ्या पायावर ठेवून शिकवलं. सासूबाई आजारी पडल्या नि माझं जाणं थांबलं, तेव्हा ताई रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगऱ्याला, आमच्या घरी येत. दीड वर्षाने मी किल्ल्याच्या रस्त्यावर धावले, त्या दिवशी त्यांनी नवे पेढे आणायला लावले नि दोन खाल्ले.

गेल्या वर्षी ताई स्वतःच घसरल्या, मांडीचं हाड मोडलं. लगेच इथली हिंदी बोलणारी मंडळी म्हणू लागली, "पचहत्तर की हो गईं, अब आराम कीजिए ताईजी." चाकांची खुर्चीही आली. ताईंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले आणि सर्जननी चालायची परवानगी देताच मला फोन केला, "रांगोळी घेऊन ये."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या चालतात, मी ओणवी होऊन बघते. "घासलं का? खरं सांग." एकदा मला दया आली, "नाही" म्हटलं. त्यांनी खाली रांगोळीतला ओरखडा पाहिला आणि कडाडल्या, "मी तुझ्याशी कधी खोटं बोलले होते?" मला रडू आलं. ताईंनी मला डोळे पुसू दिले नि पुन्हा चालायला लागल्या.

ताईंच्या येत्या सत्कारसमारंभात त्यांची चाकांची खुर्ची चढवायला व्यासपीठाला फळी लावणार आहेत म्हणे. आयोजक भैया, ती फळी आधी काढा! दारापासून व्यासपीठापर्यंत मी रांगोळी घालणार आहे आणि ताई त्यावरून चालत येणार आहेत.

ताई, तुम्हाला खणखणीत तब्येतीची शंभरी लाभो. समारंभाच्या दिवशी तुमचा पाय घासलाच, तर सगळ्यांसमोर सांगेन.