मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांना गाडीत झोप लागत नाही. बसमध्ये नाही, टॅक्सीत नाही, आणि मेहुण्याच्या त्या ऐसपैस गाडीत तर मुळीच नाही. बाकीचे माना टाकून पेंगत असतात आणि हे आपले टक्क जागे, समोरच्या काचेतून रस्ता वाचत बसलेले. गाडी चालवणाऱ्याने जरा कुठे उशीर केला की यांचा उजवा पाय खाली दाबलाच म्हणून समजा. तिथे ब्रेक नसतो, नुसती चटई असते. पण पायाला सांगणार कोण? बायको म्हणते, "आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या गाड्यांच्या चटया एकाच जागी फाटतात. जित्याची खोड, दुसरं काय!"

खोड कसली, तो तर त्यांचा धंदाच. मास्तर गाडी शिकवतात. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक असतो, आणि अर्धं आयुष्य मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर टेकलेला. किती भिंती, किती खांब, किती म्हशींइतक्या ढिम्म उभ्या राहणाऱ्या माणसांना त्या पायाने वाचवलं, गणतीच नाही. शिकणारी पोरं त्यांना पाठीमागे 'ब्रेकमास्तर' म्हणतात. मास्तरांना ते ठाऊक आहे. त्यांना ती पदवीच वाटते.

फक्त घरातच ती पदवी कोणी मानली नाही. त्यांची एकुलती एक लेक अठराची झाली तेव्हा मास्तरांनी मोठ्या हौसेने तिला शिकाऊ गाडीत बसवलं. पोरीचा हात चांगला होता, नजर चांगली होती. पण पुढे सायकल दिसली, मास्तरांनी ब्रेक दाबला. सिग्नल पिवळा झाला, मास्तरांनी ब्रेक दाबला. "बाबा, मी दाबणारच होते!" ती ओरडायची. "दाबणार होतीस, त्याला काय चाटायचंय?" हे ओरडायचे. शेवटी एके दिवशी भर चौकात ती दार उघडून उतरली आणि तरातरा चालत घरी गेली. पुढच्याच आठवड्यात बाजाराच्या त्या टोकाला ज्या बाई गाडी शिकवतात त्यांच्याकडे तिने नाव घातलं. सगळं गाव हसलं. मास्तरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या रस्त्याने जायचंच त्यांनी सोडून दिलं.

त्याला आता वर्षं लोटली. पोरगी इंजिनिअर झाली, पुलांची तपासणी करायचं काम करू लागली. पुलाखाली शिरून, भेगा बघून, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे. आता तिची बदली झाली होती डोंगरापलीकडे. तिथे पूल विखुरलेले, गाडीवाचून गत्यंतर नाही. शुक्रवारी निघायचं होतं. आणि ऑफिसने देऊ केलेली साधी, सुस्वभावी गाडी सोडून हिचा जीव जडला होता एका छोट्या, चपळ, रेसच्या गाडीची चुलत बहीण शोभेल अशा गाडीवर. पुढून वाकलेली, मागून उचललेली. घरात तिचं नाव पडलं 'मुंगळा'.

मास्तरांचं दुखणं मुंगळा नव्हतंच. दुखणं होतं तो डोंगरातला रस्ता. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि वळणावर समोरून येणारे ट्रक. त्या रस्त्यावर पोरीच्या शेजारी आपण बसायला हवं, एवढीच त्यांची इच्छा. पण सरळ बोलतील तर ते मास्तर कसले? त्यांनी बायकोला पुढे केलं. बायकोने लेकीला सांगितलं, आणि लेकीने रात्रीच्या जेवणात बापाच्या डोळ्यांत बघून अट घातली.

"उद्या मुंगळे बघायला जातेय. गाड्या विकणाऱ्या एकाच यार्डात तीन वेगवेगळ्या वर्षांचे आहेत. तुम्हीही चला. तिन्ही मी चालवणार, तुम्ही शेजारी. पाय हलला नाही तर शुक्रवारी माझ्याबरोबर. हलला तर मी एकटी जाणार, आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही."

"हॅ! त्यात काय," मास्तर म्हणाले. रात्रभर कुशीवरून कुशीवर वळत होते. बायकोच्या पोटरीला दोन लाथा बसल्या.

यार्डात तिन्ही मुंगळे ओळीने उभे होते, लाल जुना, करडा मधला, निळा नवा. विकणारा गडी गळ्यात टाय बांधून आला होता आणि टाय त्याच्या गळ्याला काचत होता. तो मागच्या सीटवर बसला आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत बोलायला लागला.

पहिल्यांदा मधली काढली. टायवाल्याच्या मते हीच सगळ्यांत समंजस. जुनीचंच इंजिन, पण दारं जड, आवाज दाबलेला, मधोमध टीव्हीसारखा मोठा पडदा. मास्तरांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी उजवा गुडघा असा धरला होता, जसं बाजारात कोणी निसटणारं कोंबडं धरावं. पुढे रिक्षा थांबली. गुडघा हातातल्या हातात थरथरला. पुढे बाई रस्ता ओलांडायला लागली. मास्तरांनी ओठ चावला.

"स्टिअरिंग फार हलकं आहे," लेक म्हणाली. "चाकं कुठे आहेत ते कळतच नाही. कोणीतरी फोनवरून सांगतंय असं वाटतं."

"तुला काय वाटतं ते बघ," मास्तर दात आवळून म्हणाले. गाडी फाटकात शिरली तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

दुसरी निळी. या वेळी मास्तरांनी शक्कल लढवली. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. पाय खालीच नाहीत, तर हलतील कशाने? लेकीने बघितलं, ओठ मुरडले आणि गाडी काढली. टायवाला मात्र रंगात आला. टर्बो आहे, ओढ बघा, हे बटण दाबलं की 'स्पोर्ट', मग इंजिनाचा आवाज ऐका! लेकीने बटण दाबलं. गाडीने डरकाळी फोडली.

"आवाज मस्त आहे," ती म्हणाली.

"स्पीकरमधून येतो मॅडम. खास बसवलाय."

"म्हणजे खोटा?"

"खोटा नाही... वाढवलेला."

मास्तरांना हसू आलं, आणि तेवढ्यात समोरच्या मोटरसायकलवाल्याने हात न दाखवता वळण घेतलं. धाड्‌! गाडी जागच्या जागी थांबली. टायवाल्याचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"बाबा! पाय!" लेक किंचाळली.

मास्तरांनी मांडीकडे बोट दाखवलं. मांडी जशीच्या तशी होती. अंगठासुद्धा हलला नव्हता.

"मॅडम, ते गाडीने केलं," टायवाला नाक चोळत म्हणाला. "समोर काही आलं आणि आपण दाबला नाही, तर ही स्वतःच दाबते. नव्या मॉडेलातच आहे हे."

मास्तरांचे डोळे असे चमकले की काय सांगावं. अहो, सापडली की! न झोपणारी, न दमणारी, शेजारी बसून आपणहून ब्रेक दाबणारी. डोंगरात, दरीत, अंधारात, आपण असू नसू. "हीच घे," ते म्हणाले. "मी सांगतो. डोळे झाकून हीच घे. मग मला बरोबर नेलं नाहीस तरी चालेल."

खरं बोलले होते ते. सगळी हौस, सगळा हट्ट त्यांनी त्या एका वाक्यात सोडून दिला होता. पण लेकीचा चेहरा उतरला.

"मी दाबणारच होते, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "माझा पाय निघालाही होता. ही गाडी म्हणजे तुम्हीच. चार चाकं लावलेले तुम्ही."

तिने गाडी वळवली आणि यार्डात परत आणली.

राहिली लाल. सगळ्यांत जुनी. पडदा नाही, बटणं नाहीत, मागचं दार खड्ड्यात किंचित कुरकुरतं. सीट अशी की दोन्ही बाजूंनी उंच कड आणि मधे माणूस घट्ट रुतलेला. मास्तरांनी मांडी घालून बघितली, जमेना. गुडघा धरायला वाकायला गेले, तेही जमेना. शेवटी पाय खाली, चटईवर. उघडे, मोकळे, बेभरवशाचे.

लेकीने गाडी रस्त्यावर घेतली आणि दोन वळणांतच तिचा चेहरा बदलला. स्टिअरिंग जड होतं, पण रस्ता त्यातून हाताला कळत होता. गिअर खटकन पडत होता. वेग घेताना इंजिन खरंखुरं ओरडत होतं, स्पीकर-बिकर काही नाही. "ही बोलते माझ्याशी," ती म्हणाली. पुलाखाली हातोडी ठोकून आवाज ऐकणारी पोरगी ती, तिला काय कळत नसेल? मास्तरांनाही कळलं की हिला हीच हवी. आणि हिच्यात तो आपणहून दाबणारा ब्रेक नव्हता. त्यांचं काळीज आतल्या आत तुटायला लागलं.

"बाबा, एक सांगू?" ती समोर बघत म्हणाली. "तेव्हा त्या चौकात मी रागाने उतरले नव्हते. घाबरून उतरले होते. तुम्ही दर वेळी माझ्या आधी दाबायचात. मला कधी कळलंच नाही की मी थांबले असते की नाही. त्या बाईंकडे पास झाले, लायसन्स मिळालं, इतकी वर्षं गाडी चालवतेय. पण तुम्ही शेजारी नसलात तरी मनात हेच असतं. बाबा असते तर आधी दाबला असता."

एवढी शेकडो पोरं पास केली, आणि आपल्या पोरीला आपणच कायमचं नापास करून ठेवलं, हे मास्तरांना त्या क्षणी लख्ख दिसलं. त्यांना रडू यायला लागलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

आणि त्याच वेळी पुढच्या गोदामाच्या फाटकातून एक टेम्पो उलटा, न बघता, भसकन रस्त्यावर आला.

गाडी थांबली. टायर किंचाळले, मागचं दार कुरकुरलं, टायवाला "आई गं!" म्हणाला. टेम्पोची मागची फळी आणि मुंगळ्याचं नाक यांच्यात एक माणूस आडवा जेमतेम मावला असता. टेम्पोवाल्याने हात वर करून माफी मागितली आणि तो निघून गेला.

लेकीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. ती वळली नाही. पण पुटपुटली, "पाय?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय चटईत रुतला होता, टाच उचललेली, पोटरी दगडासारखी. खोटं बोलता आलं असतं. टायवाल्याला मागून दिसत नव्हतं, लेक समोर बघत होती. एक 'नाही' म्हटलं असतं तर शुक्रवार हातात होता.

"दाबला," मास्तर म्हणाले.

लेकीने डोळे मिटले. मग विचारलं, "माझ्या आधी, की नंतर?"

मास्तर विचारात पडले. हा हिशेब त्यांनी जन्मात कधी केला नव्हता, कारण करायची वेळच आली नव्हती. त्यांनी आठवून बघितलं. टेम्पो दिसला. गाडीला ब्रेक लागून सीटचा पट्टा छातीला करकचून आवळला. मग पायाला चटई लागली. त्यांनी पुन्हा आठवलं. पुन्हा तेच. पट्टा आधी. पाय मागून.

"नंतर," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. तू थांबवलीस तेव्हा माझा पाय वाटेतच होता." अभिमानाने त्यांची छाती भरून आली होती आणि त्याच छातीत कुठेतरी रिकामं रिकामंही झालं होतं. ब्रेकमास्तर आज मागे पडले होते, आणि पोटच्या पोरीनेच मागे टाकलं होतं.

मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कुठे लेकीने गिअर टाकला. यार्डापर्यंत तिने डाव्या हाताने दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा म्हणाली की धूळ आहे.

यार्डात मास्तर उतरून एका बाजूला उभे राहिले. अट मोडली होती, शब्द म्हणजे शब्द. शुक्रवारी घरी बसून घड्याळाकडे बघायचं, एवढंच नशिबात. त्यांनी चपलेने उगाचच खडी उकरली. तिकडे लेक टायवाल्याशी बोलत होती.

"ही लाल घेते. जशी आहे तशी द्या, दाराची कुरकुर मी बघून घेईन. फक्त शेजारच्या सीटखाली एक जाड चटई टाकून द्या. चांगली दणकट बघा. एकाच जागी झिजते."

मास्तरांनी मान वर केली. "अगं, पण अट..."

"दाबा की हवा तेवढा," लेक म्हणाली. "तोवर मी थांबलेली असेन."